तीर्थ घ्या, मग बोलू

तीस फुटांच्या आत कुठंतरी जादू आहे, एवढं कळलं. कुठं, ते कळेना. आमचा विझर्ड, म्हणजे खेळातला जादूगार, म्हणाला, "मंत्र टाकलाय की मी. दाखव आता." मी म्हटलं, "जे दिसतंय त्याच्याभोवतीच तेज दिसतं, असं लिहिलंय. जो दिसतच नाही त्याच्याभोवती कसलं तेज?" मग पुस्तकं निघाली, मोबाइल निघाले, चहा गार झाला. माडीवरच्या पत्र्यावर बेळगावचा पाऊस असा कोसळत होता की भांडणसुद्धा ओरडून करावं लागत होतं.

खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत तो काढला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण एकेक पात्र घेतात आणि एक जण उरलेलं सगळं जग होतो. सराईवाला तोच, पाऊस तोच, राजा तोच आणि राजाच्या पलंगाखालचा राक्षसही तोच. त्याला डीएम, म्हणजे डंजन मास्टर, म्हणतात. आमच्या घोळक्यात डीएम मी. समोर पुठ्ठ्याचा पडदा, पडद्यामागं माझे कागद आणि वीस बाजूंचा फासा. पात्र काय करतंय ते खेळणाऱ्यानं बोलून सांगायचं, जमेल की नाही अशी शंका आली तर फासा टाकायचा.

खेळणारे या भागात मिळतात तसे. विझर्ड निपाणीचा, घरी तंबाखूचा व्यापार, हिशेबाला पक्का. क्लेरिक, म्हणजे पुजारी, खानापूरचा. रोग, म्हणजे चोर, खेळते ती शहापूरची, तिच्या घरात अजून माग आहेत. पॅलाडिन, म्हणजे व्रत घेतलेला योद्धा, गोकाकचा, घरी कन्नड बोलणारा. तो मला अक्का म्हणतो आणि रागावला की गोकाकच्या कन्नडमध्ये रागावतो. टेबलावर मराठी, कन्नड आणि नियमांच्या पुस्तकातलं इंग्रजी यांची मिसळ चालते, कुणाला खटकत नाही.

तर त्या दिवशीचा मंत्र होता डिटेक्ट मॅजिक. अगदी पहिल्या पातळीचा, नवशिक्यालाही येणारा. नियम नीट वाचला तर गंमत कळते. जवळपास जादू आहे ही खबर तो आपसूक देतो. मग खास लक्ष देऊन पाहिलं तर ज्या दिसणाऱ्या माणसावर किंवा वस्तूवर जादू आहे तिच्याभोवती फिकट तेज दिसतं. अदृश्य राक्षस खोलीत उभा असेल तर पहिली खबर मिळते, दुसरी नाही. वर आडकाठ्या आहेतच. मध्ये फूटभर दगड आला, इंचभर साधा धातू आला, शिशाचा पातळ पत्रा आला, तीन फूट लाकूड किंवा माती आली, की मंत्र आंधळा. आमच्या किल्ल्याच्या तटाआड अख्खी राक्षसांची पलटण उभी केली तरी अलीकडच्या विझर्डला पत्ता लागायचा नाही.

विझर्डला हे पटलं नाही. "मग उपयोग काय त्याचा?" मला विचाराल तर हाच उपयोग. काहीतरी आहे हे कळणं आणि ते कुठं आहे हे न कळणं, या दोहोंच्या मधल्या जागेत हा खेळ खरा रंगतो. त्या अर्ध्या तासानंतर चौघांचीही पात्रं भिंतीला पाठ लावून उभी होती आणि कुणीही शेजाऱ्याच्या ताटातली भजी पळवत नव्हतं.

अदृश्य राक्षसावर उतारे पुष्कळ आहेत. सी इन्व्हिजिबिलिटी नावाचा दुसऱ्या पातळीचा मंत्र आहे, त्याला चिमूटभर शंखजिरं आणि थोडा चांदीचा भुगा लागतो आणि तासभर अदृश्य ते दिसतं, पण फक्त मंत्र टाकणाऱ्याला. फेअरी फायर हा त्याहून मजेदार. वीस फुटांच्या चौकोनात जे जे असेल त्याच्या कडा निळ्या, हिरव्या नाहीतर जांभळ्या उजेडानं उजळतात आणि मग अदृश्यपणाचा फायदा संपला. चपळाईनं चुकवता आलं तरच सुटका. आणि मंत्र नसला तरी अदृश्य म्हणजे नाहीसा नव्हे, हे नियमच सांगतात. आवाज होतो, पाऊलखुणा उमटतात. जुने खेळाडू पिठाची पिशवी घेऊन फिरत, संशय आला की उधळत. आमच्या रोगनं त्यात सुधारणा केली. सौंदत्तीच्या यल्लम्माला आणि मंगसुळीच्या खंडोबाला जाऊन आलेली पोरगी ती, तिच्या झोळीत पीठ नाही, भंडारा असतो. "भंडारा उधळते," ती म्हणते, "यळकोट म्हटलं की अंगावर बसलाच पाहिजे." पीठ किंवा भंडारा उधळल्यावर काय होतं यावर पुस्तक गप्प आहे. मी एका फेरीपुरता पिवळा राक्षस मान्य करते. दुसऱ्या फेरीला तो अंग झटकतो.

पण अदृश्य राक्षस हा माझ्या मते सर्वांत कमी भीतीचा. तो दिसत नाही हे तरी माहीत असतं. जो दिसतो आणि भलताच दिसतो त्याचं काय? मिमिक नावाचा एक प्राणी आहे, तो पेटी होतो, दार होतो, निमूट पडून राहतो, हात लावला की हात चिकटतो. त्याच्या त्या सोंगात जादू नाही, अंगच तसं. म्हणजे डिटेक्ट मॅजिक टाकून पेटी साफ आहे म्हणणारा विझर्ड सगळ्यांत आधी चिकटतो. (आमचाही चिकटला. त्यानंतर बरेच दिवस तो खऱ्या आयुष्यातही कपाटं पायानं उघडत होता, असं त्याची आई सांगते.)

मंत्रावाचून लपणाऱ्याची ताकद बेळगावकरांना वेगळी सांगायला नको. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गावात बिबट्या शिरला. गोल्फ मैदानाच्या झाडीत तो दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवल्या, वनखात्यानं कॅमेरे लावले, पिंजरे मांडले, ड्रोन उडवले, शिमोग्याकडच्या छावणीतून हत्तीसुद्धा आणले. आठवड्यांमागून आठवडे गेले आणि बिबट्या हाती लागला नाही. त्या दिवसांत संध्याकाळी साडेसातला गल्ल्या ओस पडायच्या. कुणी म्हणे अमक्या भिंतीवर बसला होता, कुणी म्हणे तमक्या गाडीखाली. मोबाइलवर रोज नवा बिबट्या यायचा, त्यातले निम्मे मांजराचे आणि उरलेले दुसऱ्याच गावचे. एका सायंकाळी आमच्या पॅलाडिनचा फोन आला, "अक्का, एल्ली अद अदु?" कुठं आहे तो, म्हणे. जणू पडद्यामागं माझ्याकडं नकाशा आहे. मी डीएम असते तर एवढा मोठा शोध इतका निष्फळ ठेवायची माझी छाती झाली नसती. खेळणारे उठून गेले असते.

खेळात या सावधपणाला एक आकडा आहे. पॅसिव्ह परसेप्शन. दहा अधिक पात्राची जी काय निरीक्षणाची कुवत असेल ती. हा आकडा फासा न टाकता, न सांगता, सतत चालू असतो. पात्र जेवत असो, भांडत असो, नजर आपलं काम करत असते. सगळ्यांचे हे आकडे मी पडद्यामागं लिहून ठेवते आणि कुणाच्या नजरेत काय येईल ते त्यांना न विचारता ठरवते. खेळणाऱ्याला विचारलं की संपलं, तो लगेच तलवार उपसतो.

आता राक्षस. आपलाच शब्द, आपलाच प्राणी, पण या खेळात १९७० च्या दशकातच जाऊन बसलेला. तिथं त्याला वाघाचं डोकं आहे, उंची वस्त्रं आहेत, सभ्य बोलणं आहे आणि तळहात उलटे आहेत. माणसाच्या हाताची जिथं पाठ असते तिथं याचा तळवा. आम्ही २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे नियम चालवतो. त्यात राक्षसाला एक वर दिलाय, तो मला सगळ्या पुस्तकात आवडतो. सहाव्या किंवा त्याखालच्या पातळीच्या कोणत्याही मंत्रानं राक्षस ओळखता येत नाही आणि त्याच्यावर असा मंत्र चालतही नाही, त्याची स्वतःची इच्छा असली तरच. आणि सगळी सोंगं उघडी पाडणारा ट्रू सीइंग हा मंत्र बरोबर सहाव्या पातळीचा आहे! ज्यानं हे लिहिलं तो मनातल्या मनात हसला असणार. राक्षस हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा दुसऱ्याचं रूप घेतो, आणि समोरच्याच्या मनातलं वाचतोही. म्हणजे तुम्ही त्याच्यावर संशय घेतलात हे त्याला तुमच्याआधी कळतं.

माझ्या कथेत तो नदीकाठच्या एका बंदरात धान्याचा व्यापारी होता. दानशूर, दुष्काळात कोठारं उघडणारा. गावातली माणसं मात्र एकेक करून नाहीशी होत होती. आमचे चौघे त्याच्या घरी पाहुणे म्हणून उतरले. विझर्डनं जेवढे मंत्र येत होते तेवढे टाकले. काही नाही. रोगनं त्याची खोली उचकली. काही नाही. रात्र होत आली आणि खानापूरचा क्लेरिक, जो तोपर्यंत कोपऱ्यात बसून बिस्किटं खात होता, तो म्हणाला, "मी पूजा घालतो."

"कसली पूजा?"

"प्रवासातून सुखरूप आलो म्हणून. घरधन्याला बोलवा. पूजा झाली की सगळ्यांना तीर्थ देतो."

मला एक क्षण कळलं नाही. मग कळलं, आणि पडद्यामागं माझे हात गार पडले.

नियम असा: राक्षस जे रूप घेतो ते नुसता डोळ्यांचा भास असतो. तो स्पर्शाला टिकत नाही. भासानं डोक्यावर टोपी घातली तर हात टोपीतून आरपार जातो. आता तीर्थाला हात कसा पुढं करतात? उजवा तळवा वर, बोटं जवळ, मध्ये खोलगट. व्यापाऱ्यानं तसा हात पुढं केला. सगळ्यांना दिसला तो व्यापाऱ्याचा तळवा, गुबगुबीत, अंगठी घातलेला. पण त्याखाली खरा हात होता तो उलटा. वर होती ती हाताची पाठ, केसाळ आणि फुगीर. क्लेरिकनं पळीभर तीर्थ घातलं. मी म्हटलं, "पाणी तळव्यात पडलं. पडलं, आणि राहिलं नाही. बोटांच्या दोन्ही बाजूंनी ओघळून जमिनीवर गेलं. थेंबसुद्धा उरला नाही."

पॅलाडिन खुर्चीवरून उठला. "अंगै उल्टा अद!" तळवा उलटाय!

फासा मी मागितलाच नाही. नियमानं मागता आला असता, राक्षसाचं सोंग उघडं पाडायला बारीक तपासणीवर अठरा लागतात. पण काही डीएम असतात, त्यांना प्रत्येक गोष्टीला फासा हवा, पाणी प्यायलासुद्धा. माझं मत असं की ज्यानं राक्षसाच्या शरीराचा विचार करून पाणी ओतायचं ठरवलं, त्याला फाशावर सोडणं म्हणजे त्याचा अपमान. राक्षसानं त्याचं मन का वाचलं नाही, असं विझर्डनं नंतर विचारलं. वाचलं होतं की. क्लेरिकच्या मनात तेव्हा काय चाललंय असं मी विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "पूजेचं साहित्य. कापूर आहे का बघायचाय." आणि खरंच तो तेव्हा कापराचाच विचार करत होता. मोठ्या मंत्रांना जे जमलं नाही ते आमच्या पळी-पंचपात्राला जमलं, याचा खानापूरकराला अजून अभिमान आहे.

हे त्याला कुठून सुचलं ते मला माहीत आहे. खानापूरच्या पुढं जांबोटी-कणकुंबीकडं रान दाट होत जातं, मलप्रभा तिथं कणकुंबीला उगम पावते, आणि त्या गावांतल्या आज्ज्यांना हुडकून काढायच्या खुणा तोंडपाठ असतात. माझी आज्जीही तिकडचीच. ती सांगायची, तिन्हीसांजेला वाटेत अनोळखी बाई भेटली तर तोंडाकडं बघू नको, पायाकडं बघ. पावलं उलटी असली तर ती हडळ. आणि पाठीकडून पोकळ. "पुढनं काय, कुणी बी चांगलं दिसतंय." रानात फिरून फिरून त्याच आंब्याखाली आलीस तर चकवा लागलाय, तिथंच बस, सुपारी खा, घाई करू नको. या सगळ्यांत मंत्र एकही नाही. सगळ्या खुणा आहेत, आणि खुणा नेहमी हातापायांशी. चेहऱ्याचं सोंग सगळ्यांना जमतं. टोकांशी कारागीर दमतो.

या बाबतीत माझी आदर्श खेळाडू दमयंती. महाभारताच्या वनपर्वात नलाची कथा येते. स्वयंवरात दमयंतीसमोर पाच नल उभे. एक खरा, चार देव, इंद्र, अग्नी, वरुण आणि यम, चौघांनी नलाचं रूप घेतलेलं. रूपात तिळाएवढा फरक नाही. ती देवांनाच शरण जाते, तुमची लक्षणं दाखवा म्हणून विनवते, आणि मग बघते. चौघांना घाम नाही. पापणी लवत नाही. गळ्यातल्या माळा ताज्या, अंगावर धूळ नाही, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचव्याला घाम आलाय, धूळ आहे, माळ कोमेजलीय, पापणी लवतेय, त्याची सावली पडलीय आणि तो जमिनीवर उभा आहे. तिनं माळ त्याच्या गळ्यात घातली. यातली खुबी अशी की ती परकं काय आहे ते हुडकत बसत नाही. माणूस कोण, ते हुडकते. थकवा हुडकते. आमच्या खेळात सोंग ओळखायचे एवढे मंत्र, पण "याला घाम येतोय का?" असं विचारणारा खेळाडू क्वचित भेटतो. विचारलं तर मी त्याला फुकट उत्तर देते.

डोळ्यांत काही घालून अदृश्य बघायची कल्पनाही आपल्याकडं जुनीच. महाभारतातल्या रामकथेत इंद्रजित अदृश्य होऊन लढतो, तेव्हा कुबेराकडून पाणी येतं. त्या पाण्यानं डोळे धुतले की लपलेली भुतं दिसतात, असं सांगून ते रामाला दिलं जातं, आणि राम, लक्ष्मण, मोठमोठे वानर सगळे डोळे धुतात. खेळातल्या ट्रू सीइंगला अंजन लागतं, अळंब्यांची भुकटी, केशर आणि चरबी यांचं, किंमत पंचवीस सोन्याची नाणी, आणि एकदा लावलं की संपलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पायाळू माणसाची आठवण झाली. जन्मताना पाय आधी बाहेर आलेला पायाळू, त्याच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातलं की जमिनीतलं गुप्तधन दिसतं, ही समजूत सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत घट्ट आहे. खेळात ती गोड वाटते. बाहेर या समजुतीपायी माणसांचे जीव गेलेत, म्हणून तिच्यावर माझी कथा मी रचत नाही. टेबलावर इतर पुष्कळ गोष्टी चालतात.

राक्षस पकडला गेल्यावर पॅलाडिनला एक शोध लागला आणि तो माझ्यावर चिडला. त्याच्याकडं डिव्हाइन सेन्स नावाची एक जाण असते. साठ फुटांच्या आत, पूर्ण आडोशामागं नसेल असा कुठलाही स्वर्गीय जीव, पिशाच्चवर्गातला जीव किंवा मेल्यावर उठलेला जीव त्याला जाणवतो. ही जाण मंत्र नाही, अंगचा गुण आहे. राक्षसाला संरक्षण आहे ते मंत्रांपासून. म्हणजे पहिल्याच जेवणाला त्यानं ही जाण वापरली असती तर व्यापारी तिथंच सापडला असता. "मग सांगायचं नाही का अक्का?" डीएमनं सांगायचं नसतं. पण त्याला मी त्या नियमाची पुढची ओळ वाचायला लावली. जीव कोणत्या जातीचा आहे ते कळतं, तो कोण आहे ते कळत नाही.

डिटेक्ट इव्हिल अँड गुड या मंत्राचंही तेच. नाव ऐकून वाटतं, समोरचा वाईट की चांगला ते कळेल. कळतं एवढंच की तीस फुटांत सहा विशिष्ट वर्गांपैकी कुणी आहे आणि कुठं आहे. परलोकातले विचित्र जीव, स्वर्गातले, पंचमहाभूतांचे, परीलोकातले, पिशाच्च आणि मृत. परी दयाळू असो की दुष्ट, मंत्र सारखाच वाजतो. आणि चार खून पचवून बसलेला माणूस त्याच खोलीत पान लावत असला, तर मंत्र गप्प. तो माणूस आहे ना. यादीत नाही.

सीमाभागात राहणाऱ्याला ही ओळ जरा जास्त लागते. आमच्या इकडं प्रत्येकाचं पॅसिव्ह परसेप्शन तयार असतं. खडेबाजारात दुकानाची पायरी चढायच्या आत दुकानदारानं ठरवलेलं असतं, "काय पाहिजे?" म्हणायचं की "एनु बेकु?" साडीची ठेवण, कुंकवाचा आकार, पोराला मारलेली हाक, कशावरून ओळखतो कोण जाणे, पण चुकत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर इतकी वर्षं हा भाग हीच कसरत करतोय. १ नोव्हेंबरला एकाच गावात एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक आणि एकीकडं काळा दिन. त्याच तारखेला, २०१४ साली, बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. पाटीवरची अक्षरं बघून बाजू कळते, गाडीवरचा झेंडा बघून बाजू कळते. या ओळखीला मी नावं ठेवत नाही. तिच्या जोरावर दुकानं चालतात, पाहुण्याला कुठलं जेवण वाढायचं ते कळतं, आणि कधी कधी कुठल्या रस्त्यानं जायचं नाही तेही कळतं. मराठी शाळेसाठी, मराठीतल्या कागदासाठी इथं माणसं आयुष्यभर झगडलीत, माझ्या घरातलीही, आणि तो झगडा मला खोटा वाटत नाही. पण बाजू कळली की माणूस कळला, असं समजणारे दोन्हीकडं भेटतात. त्यांचा मंत्र तीस फुटांत वाजतो आणि ते लगेच तलवार काढतात.

मी हे टेबलावर कधी बोलत नाही. बोलले तर खेळ बंद पडेल. त्यापेक्षा डॉपेलगँगर काढते.

डॉपेलगँगर म्हणजे कुणाचंही रूप घेणारा जीव. अंगचाच बहुरूपी, आणि समोरच्याच्या मनातलं त्याला ऐकू येतं. तो वरच्या सहा वर्गांत बसत नाही, त्यामुळं ना पॅलाडिनची जाण वाजते ना तो मंत्र. माझा डॉपेलगँगर डोंगरातल्या एका वाडीत, लढाईवर गेलेला मुलगा बनून एका म्हातारीच्या घरी राहत होता. खरा मुलगा कधीच मेलेला. हा शेत कसत होता, म्हातारीला औषध देत होता, गावच्या जत्रेत लेझीमही खेळत होता. आमच्या चौघांनी त्याला हुडकला तो गंमतशीर रीतीनं. रोगच्या लक्षात आलं की म्हातारीला जे हवं असतं ते हा तिनं तोंड उघडायच्या आत आणून देतो. पाणी, चादर, कवळी. "एवढा शहाणा पोरगा कुठं असतोय का?" ती म्हणाली. "आमच्यात तीनदा हाक मारावी लागते."

पकडल्यावर मात्र टेबल दुभंगलं. विझर्ड म्हणाला, राक्षस तो राक्षस, मारून टाका, पुस्तकात राक्षसांच्याच यादीत आहे. क्लेरिक म्हणाला, म्हातारीला सांगायला तरी पाहिजे. रोगला वाटत होतं, काही न बोलता निघून जावं. पॅलाडिन, ज्याच्या व्रतात खोट्याला जागा नाही, तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं मला विचारलं, "अक्का, ह्यानं कुणाला खाल्लंय?"

"तुला माहीत नाही."

"मग इचारतो की."

आणि त्यानं विचारलं. मंत्र नाही, फासा नाही. डॉपेलगँगरशी तो गोठ्यात बसून बोलला, आणि मला अख्खा तास त्या जीवाच्या तोंडून उत्तरं द्यावी लागली. आधी कुठं होतास, खऱ्या मुलाला कसा भेटलास, तो मेला तेव्हा तू काय केलंस, म्हातारी गेल्यावर काय करणार. उत्तरं मी आधी लिहून ठेवली नव्हती. काही खरी दिली, दोन खोटी दिली. पॅलाडिननं एक खोटं पकडलं, एक सुटलं. शेवटी त्यांनी त्याला सोडलं आणि म्हातारीला काही सांगितलं नाही. क्लेरिक अजून म्हणतो, हे चुकलं. विझर्ड म्हणतो, सगळंच चुकलं. सुटलेलं खोटं कोणतं ते मी अजून सांगितलेलं नाही.

विझर्डच्या मनात ते सलत राहिलं. मागच्या आठवड्यात तो अकराव्या पातळीला पोचला, सहाव्या पातळीचे मंत्र उघडले आणि निपाणीकरानं पहिला कोणता घ्यावा? ट्रू सीइंग. अंजनासाठी केशराचा भाव काय ते त्यानं खेळातल्या बाजारात तीन दुकानांत विचारलं, घासाघीस केली, पंचवीसच्या खाली कुणी उतरेना तेव्हा पुरते सहा डोस विकत घेतले आणि वही माझ्यासमोर आपटली. "आता लपव काय लपवायचंय ते. सगळं दिसतंय मला."

दिसतं खरं. एकशेवीस फुटांपर्यंत दिसतं. म्हणून माझा पुढचा शत्रू चौघांच्या समोर येतच नाही. तो पत्रं पाठवतो. पहिलं मी लिहून ठेवलंय, जुना कागद वाटावा म्हणून चहात बुडवून वाळवलंय, आणि आजोबांच्या जमिनीचे कागद समोर ठेवून अख्खं मोडीत उतरवलंय. पत्र वाचून देणारा मंत्र त्यांच्याकडं आहे, शब्दांचा अर्थ तो सांगेल. खाली सही नाही. चौघांपैकी कुणाच्या गावचं वळण आहे ते अक्षरात, एवढं मात्र डोळे उघडे ठेवले तर सापडेल.

रविवारी चारला बसतोय. भजी रोग आणणार आहे.